भाजलेल्या बाटलीला पाणी

सन दोन हजार सोळा. माझं वय एकोणसाठ. रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेले, आणि त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत एचआयव्हीचा विषाणू वाढला म्हणून आम्ही पेढे वाटले. हे कुणाला सांगितलं की तो मला वेड्यात काढतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी चौथी पास. ऑर्डरीवर माझं पद ‘प्रयोगशाळा परिचर’ असं होतं, पण काम सांगायचं तर काचसामान धुणं. बाटल्या, नळ्या, चंचुपात्रं. तेहतीस वर्षं धुतली. हसू नका. आमचा बाप कोल्हापुरातला नावाजलेला कल्हईवाला. सायकलीला भाता बांधून गल्लोगल्ली फिरायचा आणि काळंमिट्ट पातेलं असं चांदीसारखं करून द्यायचा की बाई त्यात तोंड बघून केस सारखे करायची. मी त्याचा थोरला, दस्तगीर. चमक म्हणजे काय ते मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. मी धुतलेली बाटली उजेडात धरली तर मधे काच आहे का नाही असा प्रश्न पडायचा. बाहेरगावचे सायंटिस्ट यायचे आणि विचारायचे, “नवीन घेतल्या का बाटल्या?”  मग दिवसभर माझी चाल बदललेली असायची.

आता आमच्या प्रयोगशाळेत काय चालायचं ते सांगतो. मला हे पुस्तकातनं कळलेलं नाही. सिंकशी उभा राहून, पाठीमागं पोरं बोलतात ते ऐकून कळलंय. चुकलं असेल तर डॉक्टर लोकांनी येऊन भांडावं, मी तयार आहे.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही रक्तातनं बाहेर पडतात, अंगात ठिकठिकाणी मुक्काम ठोकतात आणि चांगल्या थोराड होतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, मराठीत भक्षक पेशी. जंतू, घाण, मेलेल्या पेशी, जे दिसेल ते गिळायचं, हे त्यांचं काम. शरीराचे गस्तवालेच म्हणा. एचआयव्हीचा विषाणू नेमका ह्यांच्यातच शिरतो. दुसऱ्या पेशी त्यानं लवकर मरतात, पण ह्या दांडग्या. मरत नाहीत, आणि आत तो निवांत पिलावळ वाढवत बसतो. गस्तवाल्याच्याच घरात चोर भाड्यानं राहायला आला, असा प्रकार.

आणि ह्या पेशी एकमेकींना सांगावे धाडतात. तोंड नाही, फोन नाही, बारीक रेणू सोडतात. एक सांगावा असा असतो की ‘शेजारी चोर शिरलाय, दारं लावा’. त्याचं नाव इंटरफेरॉन. तो मिळाला की भक्षक पेशी आतनं कड्या घालते आणि विषाणूला वाढता येत नाही. दुसरे काही सांगावे असे की ते मिळाल्यावर पेशी चवताळते आणि त्या धामधुमीत विषाणूचंच फावतं. कुठला सांगावा, किती, आणि विषाणू यायच्या आधी का नंतर, ह्यावर सगळा खेळ. हाच स्नेहलच्या पीएचडीचा विषय होता.

स्नेहल निपाणीजवळच्या खेड्यातली. बारकी, चष्मा लावणारी, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या भांडारातल्या माणसानं ऐकावा. मला मामा म्हणायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख घाटगे मॅडम. त्या शिस्तीच्या, पण मनानं सरळ.

स्नेहलला भक्षक पेशी लागायच्या त्या धडधाकट माणसांच्या रक्तातनं. लोक राजीखुशीनं येऊन, फॉर्मवर सही करून रक्त देत. एकदा तालमीतला एक पैलवान आला. दारात मावेना. आत येऊन खुर्चीवर बसला आणि मला हळूच म्हणाला, “पावणं, सुई केवढी हाय वो?”

“ही एवढीशी.”

“न्हाय, म्हंजे आत किती जातीया?”

सुई नुसती बाहेर काढली, तोवर गडी खुर्चीतनं घसरला. मी आणि स्नेहल दोघांनी धरून आडवा केला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, “तालमीत सांगू नका.” मग मात्र हट्टानं रक्त देऊनच गेला. आणि त्यानंतर महिनाभर दर सोमवारी दारात हजर. “काय म्हणत्यात आमच्या पेशी? मारली का कुस्ती?”

स्नेहल सांगायची, “दादा, बाटलीवर नाव नसतंय, नुसता नंबर असतोय. कुणाच्या कुठल्या ते मलाबी ठावं न्हाय.”

“असूं दे. ज्या जिकत्यात त्या आमच्याच समजा.”

दुसरा नमुना म्हणजे राजारामपुरीतला आमचा न्हावी. वीस वर्षं त्याच्याकडं दाढी. त्याला कुणीतरी सांगितलं की मी एड्सच्या खोलीत कामाला आहे. वस्तरा हातात घेऊन थबकला. म्हणाला, “मामा, वाईट वाटून घिऊ नका, पण तुमी आता घरीच करत जावा.”

मी म्हणालो, “अरं, त्या बंद खोलीत मला पाऊल टाकू देत न्हाईत. तिथं शिकलेली दोन माणसं जात्यात, नखशिखान्त झाकून. तिथनं बाहेर येतंय ते सगळं आत वाफंत शिजवूनच येतंय. आन् हात लावल्यानं, ताटात जेवल्यानं, खुर्चीवर बसल्यानं ही लागण होत न्हाय. रक्तातनं होती. माझ्यापासनं तुला भ्या न्हाय लेका, तुझ्या वस्तऱ्यापासनं मला हाय. नवं पातं लाव.”

दुकानातली चार माणसं हसली. पण त्या दिवसापासनं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावायला लागला. ह्याचं श्रेय मी घेतो.

आता मूळ गोष्टीवर येतो.

बाटली धुवायची आमची रीत ठरलेली. साबणाचं पाणी, मग नळाचं पाणी सात वेळा, मग डिस्टिल पाणी तीन वेळा. वाळवायची, तोंडावर चंदेरी कागद बांधायचा आणि कोरड्या भट्टीत अडीचशे डिग्रीवर भाजायची. भट्टी म्हणजे विजेची, कपाटाएवढी. भाजून झाली की कागद न उघडता तशीच स्नेहलच्या टेबलावर; पेशींना घालायचं खाणंपाणी ती त्या बाटल्यांतच कालवायची. भिंतीवर मॅडमनी कागद चिकटवला होता, त्यात हे सगळं क्रमानं लिहिलेलं. मला वाचता येत होतं, पण पाठ असलेली गोष्ट कोण वाचतो?

त्या पावसाळ्यात भांडारानं साबणाची पावडर बदलली. नव्या पावडरीत काय होतं कोण जाणे, पण एकदा भट्टीतनं काढलेल्या बाटलीचा कागद मी सहज उघडून बघितला, तर काचेवर पांढुरकी साय. माझ्या बाटलीवर! अंगाचा तिळपापड झाला. ही बाटली टेबलावर गेली तर लोक म्हणणार, दस्तगीर म्हातारा झाला, नजर गेली.

मग मी माझी अक्कल चालवली. भाजून झाल्यावर बाटली उघडायची, सिंकजवळच्या प्लास्टिकच्या कॅनमधलं डिस्टिल पाणी घालून खळखळून विसळायची, मलमलीच्या फडक्यानं पुसायची, नवा कागद बांधायचा आणि वाफेच्या मोठ्या कुकरमधनं परत काढायची. प्रेशर कुकरच तो, पण माणसाएवढा. वाफेत जंतू जगत नाही. म्हणजे एकदा भाजली आणि वर वाफवली. मॅडमच्या कागदापेक्षा एक काम जास्तच. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? बाटल्या आधीपेक्षा लख्ख.

त्याच सुमाराला स्नेहलचं काम बिघडायला लागलं.

तिची पद्धत अशी. एका ताटलीतल्या पेशींना सांगावा द्यायचा आणि मग विषाणू. दुसऱ्या ताटलीला सांगावा न देता नुसता विषाणू. दुसरीत विषाणू वाढायला पाहिजे, पहिलीत किती वाढतो ते बघायचं. दुसरीत वाढला नाही तर तुलना कशाशी करणार? आधी दोन वर्षं दुसरीत व्यवस्थित वाढत होता. आता दोन्ही ताटल्यांत वाढेना. तिनं विषाणू बदलला, रक्त देणारी माणसं बदलली, हातमोजे बदलले. एक महिना, दोन महिने, चार महिने. पोरीचा आवाज बसत गेला. आधी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा, तो शेजारच्या टेबलापर्यंत पोचेना. डबा तसाच परत न्यायला लागली.

विद्यापीठाची समिती आली. मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा त्यातले एक जण म्हणत होते की फेब्रुवारीपर्यंत दुसरी ताटली नीट आली नाही तर विषय बदलावा लागेल, तीन वर्षांचं काम बाजूला ठेवून. स्नेहल खाली मान घालून उभी होती. मी कपबश्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी ती सिंकशी आली.

“मामा, एक इचारू? रागावणार न्हाय न्हवं?”

“रागवायचं असलं तर रागविन की. इचार.”

“बाटल्या भाजताय न्हवं?”

माझं डोकं सटकलं. “तेत्तीस वर्षं झाली! तू जन्मायच्या आदीपासनं भाजतोय! तुजी ताटली बिगडली म्हणून माज्या बाटलीवर?”

“तसं न्हवं वो. त्या पेशी कुणी काय न सांगता बोंबलायल्यात. मी तपासलं काल. सांगावा दिला न्हाय त्या ताटलीतबी इंटरफेरॉन निघायलंय. कशानं तर त्या आदीच बिथरल्यात, दारं लावून बसल्यात. मग विषाणू वाढंल कसा? जंतूची मेलेली सालपटं जरी पाण्यात असली ना, तरी त्यांला वाटतंय जंतूच आला. आन् ती सालपटं वाफंनं जळत न्हाईत. कोरड्या आगीनंच जळत्यात.”

“मी भाजतोय,” मी म्हणालो. “रोज भाजतोय. जा.”

खोटं बोललो नाही. भाजत होतोच. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, तिच्या नमस्काराला मान हलवली नाही. 

रविवारी घरी पाहुणे जेवायला होते. आमच्या कुटुंबानं, म्हणजे शहनाजनं, माळ्यावरची तांब्याची हंडी काढली. आता गल्लीत कल्हईवाला येत नाही, म्हणून मीच अंगणात कोळसे पेटवून भाता मारायला बसलो. हातात लहानपण आलं की मला बरं वाटतं. हंडी चांगली तापली. कापसाला नवसागर लावून आतनं पुसली, तांबं गुलाबी झालं. आता कथील फिरवायचं. कथील घ्यायला मी वळलो, तेवढ्यात शहनाजला हंडीत कोळशाची राख उडालेली दिसली. तिनं चांगल्या मनानं ओलं फडकं घेतलं आणि आतनं फिरवलं. चर्र झालं.

मी ओरडलो, “अगं पाणी कशाला लावलंस! आगीनं साफ केलेल्याला पाणी लावत्यात व्हय? परत घाण केलीस की...”

आणि मी तिथंच थांबलो. हातात कथलाची कांडी तशीच.

“का वो? दातखीळ बसली काय?” शहनाज म्हणाली. “एवढं काय झालं? परत तापवा की.”

मी आठ वर्षांचा असताना हेच केलं होतं. बापानं तापवलेलं पातेलं मला चमकवायचं होतं म्हणून ओला बोळा फिरवला होता. बापानं असली थोबाडीत दिली होती की कान दिवसभर वाजत होता. पातेलं दिवसभर उकळत ठेव, त्यात कथील धरणार नाही, म्हणाला. कोरड्या आगीनं जे होतं ते पाण्यानं होत नाही, आणि आगीनंतर पाणी लावलं की आग फुकट गेली. स्नेहलच्या भट्टीचा काटा अडीचशेवर असतो. कथील वितळायला लागते त्याहून थोडी जास्त, एवढीच ती आग. वाफेच्या कुकरात कथील वितळणार नाही, हे मला कुणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आणि तो प्लास्टिकचा कॅन! डिस्टिल पाणी म्हणून भरलेलं, पण आठ-आठ दिवस सिंकजवळ उघड्यावर. बोट घातलं असतं तर आतनं बुळबुळीत लागलं असतं.

पाहुणे जेवले. मटण चांगलं झालं होतं म्हणतात. मला चव लागली नाही.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो. स्नेहल तिथंच होती, फेब्रुवारीची वाट न बघता विषय बदलायचा अर्ज हातात. मी म्हणालो, “मॅडम, चूक माजी हाय.” आणि सगळं सांगितलं. साबणाची साय, कॅनचं पाणी, मलमलीचं फडकं, वाफ. अकरा महिन्यांवर पेन्शन आहे, मेमो मिळेल, हे माहीत होतं. पण खरं सांगतो, मेमोपेक्षा जड गेलं ते एकच वाक्य, “मी धुतलेल्या बाटल्या घाण होत्या.” पहिल्यांदा ते मॅडमना नीट ऐकूच गेलं नाही. दोनदा म्हणावं लागलं.

मॅडम काही बोलायच्या आत स्नेहलचा आवाज परत आला. सगळाच.

“चार महिने, मामा! चार महिने मी सोताला येडी समजायलेय! माजा हात खराब, माजं नशीब खराब! आन् तुमी फडकं मारत बसलाय?”

मी मान खाली घातली. तेहतीस वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ओरडू दिलं.

मॅडम म्हणाल्या, “आधी तपासू. मग ओरडा.”

त्याची एक तपासणी असते. समुद्रात खेकड्यासारखा एक जीव असतो, त्याच्या रक्तापासनं बनवलेलं औषध. बारक्या नळीत ते आणि आपलं पाणी घालायचं, उबेला तासभर ठेवायचं. जंतूची सालपटं असली तर ते दह्यासारखं घट्ट होतं. स्नेहलनं दोन नळ्या केल्या. एकीत माझ्या लख्ख बाटलीत फिरवलेलं पाणी. दुसरीत तसंच पाणी, पण त्या दिवशी भाजून कागद न उघडलेल्या बाटलीत फिरवलेलं. तासानं तिनं दोन्ही उलट्या केल्या. दुसरी खळकन खाली आली. माझी उलटी केली तरी पडली नाही. घट्ट दही.

मी ती नळी हातात घेऊन बघत बसलो. इतकी वर्षं डोळ्यांनी चमक बघितली. पेशींना डोळे नसतात, त्यांना चमकेचं काय.

मग सगळं नव्यानं. साबण परत जुना. कॅन मी स्वतः भंगारात दिला. पैलवानाला स्नेहलनं फोन केला, तो आला, आणि ह्या वेळी सुई बघायची नाही म्हणून भिंतीकडं तोंड करून बसला. सात दिवस पेशी वाढवल्या, मग बंद खोली, मग वाट बघायची. मॅडमनी मेमो दिला नाही. “मेमोत काय लिहू? बाटल्या जास्त धुतल्या?” म्हणाल्या. पण पंधरा दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, आणि ते बरोबर होतं.

शेवटच्या तपासणीत एक ताटली असते, बारक्या खळग्यांची. ज्या खळग्यात विषाणूचा अंश असतो तो पिवळा होतो. त्या दुपारी मी सिंकशी होतो. आतनं आवाज आला, भांडारापर्यंत गेला असेल असा.

“मामाऽऽ! पिवळं झालं! लई पिवळं झालं!”

धावत गेलो. सांगावा न दिलेल्या पेशींची रांग हळदीसारखी पिवळी. तिच्या शेजारी सांगावा दिलेल्यांची रांग पाण्यासारखी कोरी. दारं लावणारा सांगावा कामाला आला होता, आणि तो आला हे आता दाखवता येत होतं, कारण शेजारी विषाणू जोरात वाढला होता. मॅडम टाळ्या वाजवत होत्या.

“जोतिबाला जायचं हाय मला,” स्नेहल डोळे पुसत म्हणाली. “नवस बोललेय.”

“काय बोलली होतीस?” मॅडमनी विचारलं.

“विषाणू वाढू दे म्हणून.”

मॅडम हसत सुटल्या. “देव काय म्हणाला असेल गं?”

“देव काय म्हणंल? म्हणला आसंल, दस्तगीरला आदी सरळ कर,” मी म्हणालो.

पेढे मीच आणले. सोमवार होता, पैलवान दारात आला. पेढे कशाचे म्हणून विचारलं. स्नेहलनं सांगितलं. तो पेढा हातात धरून उभा राहिला. “एचआयव्ही वाढला म्हणून पेढं? मग आमच्या पेशी हारल्या का जिकल्या?”

“एका रांगंत हारल्या, एका रांगंत जिकल्या,” ती म्हणाली.

“जिकल्या त्या आमच्या,” म्हणत त्यानं पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी स्नेहल सिंकशी आली. प्रबंधात आभारात माझं नाव घालते म्हणाली. मी म्हणालो, “घालायचं तर चूकबी घाल. भाजलेली बाटली परत धुतली तर काय होतंय, ते लिव्ह. म्हंजी दुसऱ्या कुठल्या दस्तगीरला अक्कल सुचायची न्हाय.” तिनं दोन्ही लिहिलं. पान मी घरी लावलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी भट्टी उघडली. रात्रभर निवून बारा बाटल्या उभ्या होत्या, तोंडाला चंदेरी कागद, अंगावर कोमट ऊब. पहिली उचलली. अंगठा आपोआप कागदाच्या कडेखाली गेला. साय आली असेल का? एकदा बघायला काय जातं? मलमलीचं फडकं खुंटीला होतंच.

मी अंगठा काढला. फडकं घेऊन खिशात कोंबलं आणि बाराच्या बारा बाटल्या तशाच स्नेहलच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

आतनं त्या लख्ख होत्या का मळकट, ते मला आजतागायत माहीत नाही.